आधी दात बघा, मग सुपरचार्जर!

सुरुवातीलाच सांगून टाकतो, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. दहावीपर्यंत हा विषय मी फक्त पास होण्यापुरता केला. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका संपादक मंडळाने दुरुस्त केल्या असतील तर त्यांचे आभार, आणि राहिल्या असतील तर त्या माझ्या. खरं तर हा लेख मी इंग्रजी विभागालाच देणार होतो. पण यातली निम्मी अक्कल मला मुरबाडच्या एका गॅरेजमध्ये मराठीतून मिळाली आहे. म्हटलं, ज्या भाषेत मिळाली त्याच भाषेत परत करावी.

तर मित्रांनो, विषय आहे सुपरचार्जर!

आपल्या हॉस्टेलमध्ये रात्री अकरानंतर दोनच विषय निघतात. एक म्हणजे प्रेमप्रकरणं (दुसऱ्यांची), आणि दुसरा म्हणजे गाड्या. मेकॅनिकलवाल्यांच्या खोलीत दुसरा जरा जास्त. अशाच एका रात्री आमच्या चौकडीने ठरवलं की प्रोजेक्टसाठी एका जुन्या पेट्रोल गाडीला सुपरचार्जर बसवायचा. बाकीचे ग्रुप वर्षानुवर्षं चालत आलेले तेच ते कटर आणि कन्व्हेयर बनवणार, आणि आपण मात्र व्हायव्हाच्या दिवशी कॉलेजच्या गेटमधून शिट्टी वाजवत गाडी आत आणणार! सुपरचार्जरच्या त्या शिट्टीसारख्या आवाजाचे व्हिडिओ आम्ही इतके पाहिले होते की झोपेतही तोच आवाज यायचा.

प्रश्न होता गाडीचा. ती आमच्याकडे होती, म्हणजे माझ्या मामाकडे. मामा मुरबाड तालुक्यात सरळगावच्या पुढे राहतो. भाताची शेती आहे, भात निघाला की भेंडी लावतो. त्याच्याकडे १३०० सीसीची एक जुनी पेट्रोल गाडी आहे. पंधरा वर्षं कधीच उलटून गेली, पर्यावरण कर भरून नोंदणी पुढे चालू ठेवलेली, आणि मीटरवर दोन लाखांच्या वर किलोमीटर. मामाची एकच तक्रार होती, "माळशेजच्या चढाला गाडी रडते रे."

मी फोनवर मोठ्या ऐटीत सांगितलं, "मामा, हाय मायलेज इंजिनला सुपरचार्जर लावला ना, की बघ!"

मामा खूश. म्हणाला, "वा! म्हणजे लिटरला किती देईल?"

इथेच पहिला घोळ झाला. इंग्रजी पुस्तकात 'हाय मायलेज' म्हणजे भरपूर पळालेलं, झिजलेलं इंजिन. आपल्याकडे 'मायलेज' म्हणजे एव्हरेज. मी झीज म्हणत होतो आणि मामाला बचत ऐकू येत होती. तेव्हा मी खूप हसलो. पण या लेखातली गंमत (आणि धोका) नेमकी तिथेच होती, हे मला नंतर कळलं.

आता जे मेकॅनिकलचे नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिन म्हणजे शेवटी हवा आणि पेट्रोल जाळायचं यंत्र. पेट्रोल जास्त ओतणं सोपं असतं, पण ते जाळायला हवा लागते. साधं इंजिन हवा स्वतः ओढून घेतं, पिस्टन खाली जातो आणि हवा आत येते. सुपरचार्जर म्हणजे ती हवा दाबून आत कोंबणारा पंप. तो इंजिनाच्याच क्रँकवरून पट्ट्याने फिरतो. टर्बोचार्जरही हेच काम करतो, पण तो फिरतो सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुराच्या जोरावर. हे काही आजचं नवल नाही. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये दोन फिरत्या पाळ्यांच्या हवेच्या पंपाचं पेटंट घेतलं, आणि पुढे तो भट्ट्यांना हवा मारायला वापरला गेला. म्हणजे लोहाराचा भाताच म्हणा ना! डाइमलरने १८८५ मध्येच इंजिनात दाबून हवा भरण्याचं पेटंट घेतलं होतं. १९२१ मध्ये मर्सिडीजने कारखान्यातून सुपरचार्जर लावूनच गाड्या विकायला काढल्या. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाचं मर्लिन इंजिनही सुपरचार्जरवर चालायचं, कारण वर विरळ हवेत साधं इंजिन धापा टाकतं.

म्हणजे यंत्र चांगलंच आहे. त्याच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे ते 'जुनं झालंय ना? मग वरून काहीतरी बसवू' या वृत्तीशी. आणि हे भांडण आधी माझ्याशीच झालं.

मामाकडे गेल्यावर त्याने मला त्याच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे नेलं. मुरबाडमधलं साधं गॅरेज. पत्र्याची शेड, बाहेर उभ्या दोन काळ्या-पिवळ्या जीप आणि एक उघडलेला टेम्पो. मी लॅपटॉप काढून त्यांना थ्रीडी मॉडेल दाखवलं. पट्टा कुठून जाणार, ब्रॅकेट कुठे लागणार, सगळं. मिस्त्रीकाकांनी शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "साहेब, पंखा चांगला आहे तुमचा. पण इंजिनात दम किती आहे, बघितला का?"

मी म्हटलं, "म्हणजे कॉम्प्रेशन?"

"तेच ते. आम्ही दम म्हणतो."

खरं सांगतो, बघितला नव्हता. तीन आठवडे आम्ही चौघं पुलीचा व्यास, पट्ट्याची लांबी, बोल्टचा टॉर्क यावर वाद घालत होतो. पण ज्या इंजिनावर हे सगळं बसणार, त्याची एक साधी तपासणी कोणालाही सुचली नाही!

मिस्त्रीकाका म्हणाले, "म्हसाच्या जत्रेत गेलात कधी? बैल घेताना आधी काय बघतात? दात. शिंगांना रंग नंतर लावतात."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मुरबाड तालुक्यात म्हसा इथे पौष पौर्णिमेपासून मोठी जत्रा भरते आणि तिथला गुरांचा बाजार प्रसिद्ध आहे. बैल दोन दाती की चार दाती, हे तोंड उघडून बघितल्याशिवाय तिथे कोणी पैसे मोजत नाही. आणि आम्ही भावी इंजिनिअर, तोंड न उघडताच शिंगं रंगवायला निघालो होतो.

मग दात बघितले. चारही प्लग काढले, कॉम्प्रेशन गेज लावलं, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारला. अशा इंजिनात साधारण १७०-१८० पीएसआय यायला हवं. पहिल्या सिलिंडरला १५०, दुसऱ्याला १४८, चौथ्याला १४५, आणि तिसऱ्याला फक्त ११०! मिस्त्रीकाकांनी तिसऱ्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडलं आणि पुन्हा गेज लावलं. आता १४०. "रिंगा गेल्या," ते म्हणाले. का, ते त्यांनी मला असं समजावलं: ऑइलने रिंग आणि बोअरमधली फट तात्पुरती बुजते. त्यामुळे दम वाढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा. वाढला नाही तर हवा वाल्वमधून किंवा हेड गॅस्केटमधून पळते आहे. संपूर्ण तपासणीला अर्धा तासही लागला नाही. आमच्या तीन आठवड्यांच्या कामापेक्षा त्या अर्ध्या तासाने जास्त सांगितलं.

त्या रात्री मी मामाच्या ओटीवर बसून वहीत हिशोब मांडला. थर्मोडायनॅमिक्सची सूत्रं, जी आपण फक्त सबमिशनसाठी लिहितो, ती पहिल्यांदा कामाला आली. तुम्हीही करून बघा.

समजा बाहेरची हवा २७ अंश सेल्सिअस आहे आणि आपण अर्धा बार बूस्ट देतो. म्हणजे हवेचा दाब दीडपट. मग हवाही दीडपट आत जाईल, असं वाटतं. पण सायकलचा पंप मारताना तो खालून गरम होतो ना? हवा दाबली की ती तापते. आदर्श पंपातही ती ६४ अंशांच्या आसपास जाईल. आणि रूट्ससारख्या पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर जवळजवळ ९० अंशांवर. गरम हवा विरळ असते. त्यामुळे दाब ५० टक्के वाढला तरी हवेचं वजन वाढतं फक्त २४ टक्के. शिवाय हा पंप फिरवायला इंजिनाच्याच खिशातून पैसे जातात. १३०० सीसीच्या इंजिनात ५००० आरपीएमला हा खर्च ५-६ अश्वशक्तीपर्यंत येतो.

आता इंजिन नवं असताना ६५ अश्वशक्तीचं होतं असं धरू. नव्या इंजिनाला हा पंप लावला तर ८० होतील, त्यातून पंपाचे ५-६ वजा, म्हणजे ७५. ठीक आहे. पण आपलं इंजिन नवं नाही. समजा झिजून ते ५५ वर आलं आहे. ५५ चे २४ टक्के वाढवून झाले ६८, त्यातून पंपाचे ५ गेले, राहिले ६३.

म्हणजे एवढा सगळा उद्योग करून गाडी येणार कुठे? तर कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा होती, त्याच्याही किंचित मागे! आणि हे सगळं नीट जमलं तर. एवढ्यासाठी तर साधं इंजिनाचं काम पुरे. बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन, नव्या रिंगा, वाल्व घासणे. हे आपल्या तालुक्यातला कोणताही चांगला मिस्त्री आणि कल्याणचा लेथवाला मिळून करतात.

पण 'नीट जमलं तर' यातच खरी गोम आहे. झिजलेल्या इंजिनात जास्त हवा कोंबली की काय होतं, ते एकेक करून बघा. रिंगा गेल्या असतील तर जळालेला वायू पिस्टनच्या बाजूने खाली ऑइलच्या चेंबरमध्ये घुसतो. बूस्ट दिला की तो आणखी जोरात घुसतो. खालचा दाब वाढला की ऑइल सीलमधून बाहेर झिरपायला लागतं. उरलेली ऑइलची वाफ ब्रीदरच्या नळीतून परत इंजिनाच्या तोंडाशी येते. पेट्रोलमध्ये ऑइलची वाफ मिसळली की त्याचा ऑक्टेन उतरतो, म्हणजे ते वेळेआधीच भडकायला तयार होतं. वर हवा गरम, दाब जास्त, आणि पिस्टनच्या डोक्यावर वर्षानुवर्षांचा कार्बन. मग सुरू होतं नॉकिंग, ते 'खटखट' वाजणं. ती खटखट म्हणजे पिस्टनवर आतून पडणारे हातोडे. शेवटी हेड गॅस्केट उडतं, रिंगेची पाळी तुटते, नाहीतर पिस्टनलाच भोक पडतं. खाली क्रँकच्या बेअरिंगमध्ये फट वाढलेली असेल तर ऑइलचं प्रेशर आधीच कमी, त्यावर हा जास्तीचा भार. म्हणजे प्रत्येक जुना आजार दुसऱ्या आजाराला हाक मारतो.

वाचवायचं असेल तर काय करावं लागेल? २४ टक्के जास्त हवेला २४ टक्के जास्त पेट्रोल द्यावं लागेल. त्यासाठी मोठे इंजेक्टर, मोठा पंप, ती हवा मोजू शकेल असा ईसीयू. स्पार्क उशिरा करावा लागेल, म्हणजे मिळवलेल्या ताकदीतली थोडी परत जाईल. हवा थंड करायला इंटरकूलर. मग रेडिएटर, क्लच, ब्रेक! त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, ते उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठलं. इथेनॉलचा ऑक्टेन चांगला, हे खरं. पण त्यात स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे तेवढ्याच हवेला ते जास्त लागतं. इथेनॉलसाठी न बनलेल्या जुन्या गाडीत मिश्रण आधीच थोडं पातळ होतं आणि जुने रबरी पाइप-सीलही खराब होऊ शकतात. पातळ मिश्रण आणि बूस्ट ही जोडी म्हणजे पिस्टन वितळवण्याची हमी.

माझी आजी चुलीवर स्वयंपाक करायची तेव्हाची एक गोष्ट आठवते. लाकडं ओली असली की मी फुंकणीने जोरजोरात फुंकायचो आणि घरभर धूर व्हायचा. आजी म्हणायची, "फुंकून काय होतंय? आधी लाकडं बदल." तिला थर्मोडायनॅमिक्स शिकायची गरज पडली नाही.

कोणी म्हणेल, मग कंपन्या कशा करतात? करतातच की. आपल्या पुण्यात बनलेली टाटांची इंडिका आठवा. १९९८ साली ती आली तेव्हा तिचं १४०५ सीसीचं साधं डिझेल इंजिन सुमारे ५३ अश्वशक्तीचं होतं. पुढे त्याच इंजिनाला टर्बो आणि इंटरकूलर बसवून कंपनीने सुमारे ७० पर्यंत नेलं. शहापूर-मुरबाडच्या रस्त्यांवर या गाड्यांनी टॅक्सी म्हणून किती वर्षं काढली, हे तुम्हाला माहीतच आहे. पण फरक बघा. कंपनीने हे नव्या इंजिनावर केलं, इंटरकूलर लावून केलं, चाचण्या घेऊन केलं. आम्ही ते दोन लाख किलोमीटर पळालेल्या इंजिनावर, इंटरनेटवरून मागवलेल्या सेकंडहँड पंपाने करणार होतो. दोन्हीला 'इंजिनिअरिंग' हा एकच शब्द लावणं बरोबर नाही.

दुसरं उदाहरण आपल्या अगदी शेजारचं. कसाऱ्याला जाऊन बघा. कसारा ते इगतपुरी हा रेल्वेचा थळ घाट ३७ मीटरला १ मीटर इतका चढा आहे. बऱ्याच मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिनं लावतात, ज्यांना बँकर म्हणतात. ती घाट चढवून देतात आणि सुटतात. रेल्वेने पुढच्या इंजिनालाच 'अजून जोर काढ' असं सांगितलं नाही, तर मदतीला स्वतंत्र इंजिन दिलं. सुपरचार्जरला मी आधी इंजिनाचा बँकर समजत होतो. पण तो बँकर नाही. तो त्याच इंजिनाच्या ताटातलं जेवून त्यालाच ढकलतो. ताट भरलेलं असेल तर हरकत नाही. इथे ताटच अर्धं होतं.

आणि माळशेजच्या चढाचं म्हणाल तर घाटमाथा सुमारे ७०० मीटरवर आहे. तिथे हवा साधारण ७ टक्के विरळ. तेवढ्याने चांगलं इंजिन रडत नाही, दुसरा गिअर टाकला की चढतं. मामाची गाडी रडत होती ती घाटामुळे नाही, तिसऱ्या सिलिंडरमुळे. घाटावर फक्त तिचं दुखणं कळत होतं. सपाटीवर ते लपून राहायचं.

कायद्याचंही जाता जाता सांगतो, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं की 'आरटीओला काय कळणार!' मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि विमा? न कळवता केलेल्या बदलानंतर अपघात झाला, तर विमा कंपनीशी भांडायला आपला प्रोजेक्ट ग्रुप येणार आहे का? ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि आपल्या शहापूर तालुक्यातून नागपूरपर्यंत सरळ रस्ता झाला. तेव्हापासून हॉस्टेलमध्ये वेगाची भाषा जरा जास्तच ऐकू येते. पण तिथेही कारला मर्यादा ताशी १२० चीच आहे! आणि जुन्या गाडीचे ब्रेक, टायर आणि सस्पेन्शन यांना सुपरचार्जर बसत नाही.

पण माझं मत बदललं ते या हिशोबाने किंवा कायद्याने नाही. खोटं कशाला बोलू, हिशोब करूनही मनात होतंच की 'बघू तर लावून, फुटलं तर फुटलं, रिपोर्टमध्ये फेल्युअर अॅनालिसिस लिहू.' दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मी मामाला सांगितलं की सुट्टीत तीन आठवडे गाडी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लागेल. मामा काही बोलला नाही. भाच्याला नाही म्हणणं त्याला कधीच जमलेलं नाही. मामी भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली,

"आणि तेवढ्या दिवसांत रात्री कोणाला साप चावला तर?"

मला काही उत्तर देता आलं नाही.

शहरात वाढलेल्या माझ्यासारख्याला गाडी म्हणजे स्टाइल. मामाच्या वाडीत रात्री दहानंतर एसटी नाही, रिक्षा नाही. भातकापणीच्या दिवसांत शेतात साप निघतात. कोणाला बाळंतपणाच्या कळा सुरू होतात, कोणाच्या छातीत दुखतं. १०८ ला फोन लावतातच, पण अॅम्ब्युलन्स येईपर्यंत निघायचं तर चार घरांत मिळून हीच एक गाडी. ती घेऊन मुरबाडला जायचं, तिथून पुढे पाठवलं तर उल्हासनगर नाहीतर कल्याण. अशा वेळी गाडी ७५ अश्वशक्तीची आहे की ५५ ची, हे कोणी विचारत नाही. एकच विचारतात, सुरू होईल ना? पोचेल ना?

आम्ही त्या 'पोचेल ना'वर प्रयोग करायला निघालो होतो. तेही गाडीवाल्याला 'मायलेज' या शब्दाचा खरा अर्थ न सांगता.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. खूप पळालेल्या गाडीला सुपरचार्जर लावू नका. आधी कॉम्प्रेशन बघा, ऑइल प्रेशर बघा, चारही प्लगचा रंग बघा. जे गेलं आहे ते परत मिळवा. त्यानंतरही हौस उरली आणि ती गाडी कोणाच्या रोजच्या गरजेची नसेल, तर परवानगी आणि चाचणीचा रस्ता धरून खुशाल प्रयोग करा. पण दुसऱ्याच्या एकुलत्या एका गाडीवर हात साफ करू नका.

आणि आपल्या स्टाफला एक नम्र विनंती. सर, मॅडम, आम्हाला सुपरचार्जर शिकायचाच आहे. त्यासाठी रस्त्यावरची गाडी कशाला? भंगारातून एक जुनं इंजिन आणून टेस्ट बेंचवर बसवू या. फुटलं तर वर्कशॉपमध्ये फुटेल, घाटात नाही. फॉर्म्युला भारतसारख्या विद्यार्थी स्पर्धांमध्ये पेट्रोल इंजिनाची सगळी हवा २० मिलिमीटरच्या भोकातून जावी लागते, बाजा स्पर्धेत तर इंजिनाला हात लावायचीच मुभा नसते. म्हणजे तिथेही परीक्षा 'अजून किती कोंबता येईल' याची नसून 'जेवढं मिळालं त्याचं काय करता' याची असते. दुसरं म्हणजे, सेमिस्टरमधून एकदा तरी इथल्या एखाद्या मिस्त्रींना वर्गात बोलवा. पाहुणे म्हणून बोलवा, हार घालून. तीन वर्षांत मी कॉम्प्रेशन रेशोची व्याख्या चार वेळा लिहिली, पण कॉम्प्रेशन गेज पहिल्यांदा हातात धरलं ते मुरबाडच्या त्या शेडमध्ये. ही लाज माझी एकट्याची नाही, असं मला वाटतं.

मित्रांनो, तुम्हाला एक विचारू? सेमिस्टरभर पुस्तक न उघडता शेवटच्या रात्री चार कप कॉफी मारून आपण डोक्यात जे कोंबतो, तो तरी काय वेगळा सुपरचार्जर आहे? रिंगा गेलेल्या, आणि वरून बूस्ट! मग पेपरमध्ये नॉकिंग होतं आणि केटी लागते. (हे वाक्य स्वानुभवातून लिहिलं आहे, कृपया घरी दाखवू नये.)

मामाच्या गाडीचं काय झालं? आमच्या चौघांच्या प्रोजेक्टच्या वर्गणीतून कॉम्प्रेशन गेज आणि टॉर्क रेंच आला, बाकीचा खर्च मामाने केला. गाडी वर्कशॉपमध्ये आलीच नाही. मिस्त्रीकाकांच्या शेडमध्येच इंजिन उतरवलं, बोअर करून आणलं, ओव्हरसाइज पिस्टन आणि नव्या रिंगा बसवून परत बांधलं. आम्ही चौघं आठ दिवस तिथे हेल्पर होतो. मिस्त्रीकाका मला 'साहेब' म्हणायचे ते तिसऱ्या दिवशी 'पोरा' म्हणायला लागले, ती माझ्या आयुष्यातली पहिली बढती! त्या आठ दिवसांसाठी त्यांनी मामाला एक जुनी जीप वापरायला दिली, हे मामीने आधीच कबूल करून घेतलं होतं. प्रोजेक्टचं नाव झालं 'झिजलेल्या इंजिनाची तपासणी व पुनर्बांधणी'. शिट्टी वाजली नाही, गेटवर कोणी जमलं नाही, आणि एक्स्टर्नलने "यात नवीन काय?" असंही विचारलं. मी आधीचे आणि नंतरचे आकडे दाखवले. चारही सिलिंडर १७० च्या वर.

आता गाडी माळशेज दुसऱ्या गिअरमध्ये शांतपणे चढते. ऑइल खात नाही. एव्हरेजही थोडं वाढलं, त्यामुळे मामाला अजूनही वाटतं की मी फोनवर जे 'हाय मायलेज' म्हणालो होतो, ते हेच. मी काही ते दुरुस्त केलेलं नाही.

यंदा भातकापणीच्या दिवसांत ती दोनदा रात्री निघाली. दोन्ही वेळा पोचली.

कोणाला पटलं नसेल तर मेसमध्ये भेटा, वाद घालू. पण येताना गाडीचं कॉम्प्रेशन बघून या!

— टी. ई. (मेकॅनिकल)